गाडी तू चालवणार आहेस म्हणून

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारची दुसरी पाळी सुटली की तुम्ही सगळे गोव्याला निघणार, असं कानावर आलं. जा. आठवडाभर बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथ मशीनसमोर उभं राहिल्यावर समुद्र बघावासा वाटणारच. तुला अडवायला हे लिहीत नाही. तू पीत नाहीस म्हणून गाडीची चावी तुझ्याकडं देणार आहेत, हे कळल्यापासून मात्र मला चैन पडेना.

तू शुद्धीत आहेस म्हटल्यावर मित्र निर्धास्त होतील, तूही तसंच धरून चालशील. प्यालेत मित्र, पण जागरण तुझंही तेवढंच झालेलं असतं. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसं जागी ठेवून त्यांच्या हाता-डोळ्यांचा मेळ तपासला. सतरा तास जागलेल्या माणसाची गत रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखी झाली होती, आणि चोवीस तासांनी ती जवळपास १०० मिलिग्रॅमवर गेली. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० ची आहे. आता तुझा हिशोब कर. रविवारी सकाळी दहाला उठलास, रात्रभर वागातोरला नाचलास आणि सोमवारी पहाटे पाचला गाडी काढलीस, तर एकोणीस तास झाले. पोलिसाच्या यंत्रात फुंकलंस तर शून्य येईल आणि तो तुला पुढं सोडेल.

जागरण आपल्याला नवं नाही. शिवजयंतीचे चित्ररथ आपण रात्रभर बघतो, गणपतीच्या विसर्जनाला कपिलेश्वर तलावापाशी उजाडतं. त्या रात्री मला कधी भीती वाटली नाही, कारण नंतर चालत घरी येऊन आडवं व्हायचं असतं. गोव्यातून येताना मध्ये चोर्ला घाट आहे.

आणि घाटापेक्षा मला त्याच्या पुढचा रस्ता जास्त धोक्याचा वाटतो. साखळी, केरी सोडून वर चढताना वळणं असतात, हात-पाय कामात असतात, माणूस कसाबसा जागा राहतो. चढ संपला, कणकुंबी आली, की वाटतं आता घरच आलं. जांबोटीकडं येताना दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता मोकळा, मागं सगळे घोरत पडलेले. तिथं डोळा लागतो. चार सेकंदांचीच डुलकी, कधीकधी डोळे उघडे असतानाही येते आणि तुला ती कळतही नाही. ताशी साठच्या वेगानं तेवढ्यात गाडी पासष्ट मीटरहून जास्त पुढं गेलेली असते. पहाटे दोन ते सहा ही वेळ तर अंगातल्या घड्याळानंच झोपेसाठी ठरवलेली असते. रात्रभर जागून त्याच वेळेला स्टिअरिंग धरणं म्हणजे दोन्हीकडून मार.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं, याचा परिणाम फार टिकत नाही. कडक चहा-कॉफीचा थोडा उपयोग होतो, तोही अर्ध्या तासानं. म्हणून डोळे जड झाले की गाडी सुरक्षित जागी बाजूला घे, कॉफी पी आणि लगेच वीस मिनिटं झोप. त्याहून जास्त झोपलास तर उठल्यावर डोकं जड राहील, थोडं चालून मगच गाडी काढ. एवढ्यावर लांब पल्ला मात्र मारू नकोस. पुढच्या सीटवर एकानं जागं राहून तुझ्याशी बोलत यायचं, हे निघतानाच ठरवून घे. लाजू नकोस, ते तुझ्या भरवशावर बसलेत.

समुद्राचंही सांगतो. संध्याकाळनंतर जीवरक्षक जागेवर असतीलच असं नाही. अंधारात प्यालेला कुणी पाण्यात उतरायला लागला तर त्याला धरून वाळूवर बसव, भांडला तरी चालेल.

राहिली सोमवारची पहिली पाळी. न झोपता सरळ मशीनवर येण्याचा विचार असेल तर तो सोडून दे. झोपाळलेला माणूस नेहमीचंच काम विसरतो. लेथवर काम पकडून ठेवणाऱ्या चकमध्ये तो आवळायची चावी तशीच राहिली आणि लेथ सुरू झाला तर ती कुठं उडेल सांगता येत नाही. शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या पोराचा त्यात काय दोष?

माझं म्हणणं एवढंच आहे. शुक्रवारी पाळी करून रात्री अकराला घाट उतरायला जाऊ नका, घरी झोपा आणि शनिवारी सकाळी नाश्ता करून निघा. शनिवारची रात्र तुमची, हवं तेवढं जागा. रविवारी रात्री मात्र तू पोटभर झोपायचं, मित्रांनी कितीही ओढलं तरी. सोमवारी उजाडल्यावर, चांगलं ऊन पडल्यावर गाडी काढ. पहिल्या पाळीचं मी सुपरवायझरशी बोलतो, तुला दुसरी मिळेल. रजा मांडावी लागली तर एका दिवसाचा पगार जाईल, तो जाऊ दे.

निघताना फोन कर. साखळीला चहाला थांबलात की पुन्हा एकदा कर, मी जागाच असेन.

तुझा,
काका