व्यवहारलेखन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे सोलापूरची आहेत. एक टॉवेलच्या कारखान्यातून आले आहे, दुसरे एका यंत्रमाग कारखान्याच्या कार्यालयातून आणि तिसरे एका नागरी सहकारी बँकेतून. तिन्ही पत्रलेखकांना आपल्या विषयाची पक्की माहिती आहे आणि तिघांचीही अडचण हीच आहे की, ती माहिती समोरच्याच्या पदरात पडत नाही.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांच्या काळात सगळा माल ठोक व्यापाऱ्यांकडे जात असे आणि त्यांना सुताचा काउंट व जीएसएम सांगितला की बोलणे संपत असे. आता लॉज, रुग्णालये आणि मंगल कार्यालये थेट चौकशी करतात. मी त्यांना दरपत्रकासोबत संपूर्ण तांत्रिक माहिती पाठवतो, तरी ‘तुमचा टॉवेल महाग का?’ एवढाच प्रश्न परत येतो. माहिती कमी करावी की वाढवावी?

उत्तर : आपण पाठवलेला दरपत्रकाचा नमुना मी वाचला. त्यात ‘१६ काउंट, ४५० जीएसएम, ३० बाय ६०, व्हॅट डाइड, एक्स-फॅक्टरी, जीएसटी एक्स्ट्रा’ अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे भाव आहे. या ओळीतले काहीही चुकीचे नाही. परंतु लॉजच्या व्यवस्थापकाला तिच्यातला भाव तेवढा वाचता येतो, म्हणून तो भावाबद्दलच विचारतो. माहितीचे प्रमाण हा येथे प्रश्नच नाही. त्याला जो निर्णय घ्यायचा आहे, त्याच्याशी आपण ती माहिती जोडून दिलेली नाही, एवढेच कमी आहे.

जीएसएमचेच पाहा. एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम, हे आपल्याला पाठ आहे. मात्र लॉजवाला चौरस मीटर विकत घेत नाही, तो नग घेतो. ३० इंच रुंद आणि ६० इंच लांब टॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे १.१६ चौरस मीटर भरते, म्हणून ४५० जीएसएमच्या एका टॉवेलचे वजन साधारण ५२० ग्रॅम होते आणि ४०० जीएसएमच्या टॉवेलचे ४६५ ग्रॅमच्या आसपास. १०० टॉवेलांमागे हा फरक पावणेसहा किलोच्या घरात जातो. तेवढे सूत आपण अधिक घातले आहे, भाव त्यामुळे अधिक आहे आणि टॉवेल पाणी जास्त टिपतो, हे सांगितले की ‘महाग का’ याचे उत्तर वाचणाऱ्याच्या हातात पडते. त्याच दमात हेही सांगायला हवे की जड टॉवेल वाळायला वेळ लागतो. सोलापूरच्या उन्हात ही अडचण कोणाला जाणवणार नाही, पण कोकणातल्या लॉजवाल्याचा पावसाळ्यातला तो पहिला प्रश्न असतो आणि त्याला कदाचित हलका टॉवेलच योग्य ठरेल. तसे आपण मोकळेपणाने लिहिले, तर पुढच्या वेळी तो आपल्याकडेच विचारणा करील, असा माझा विश्वास आहे.

काउंटच्या बाबतीत आणखी सावध राहावे. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, त्यावर काउंट ठरतो, त्यामुळे आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. व्यवसायाबाहेरचा माणूस नेमके उलटे समजतो. २० काउंटचे सूत १६ काउंटपेक्षा जाड आणि म्हणून मजबूत असेल, असे त्याला वाटते. जो आकडा समजावून सांगितल्याशिवाय उलटाच अर्थ देतो, तो सामान्य ग्राहकासाठीच्या पहिल्या पानावर असू नये. रंगाचे मात्र पहिल्या पानावरच यावे. रुग्णालयाचे टॉवेल ब्लीचमध्ये धुतले जातात आणि व्हॅट रंग (हा सुतात पक्का बसणारा एक प्रकारचा रंग; ‘व्हॅट’ नावाच्या कराशी त्याचा संबंध नाही) ब्लीचपुढे इतर अनेक रंगांपेक्षा चांगला टिकतो. आपण केवळ ‘व्हॅट डाइड’ लिहून आपल्या मालाचा सर्वांत मोठा गुण झाकून ठेवला आहे. ‘ब्लीचमध्ये वारंवार धुतला तरी या टॉवेलचा रंग लवकर फिका पडत नाही’ असे लिहावे आणि किती धुण्यांपर्यंत टिकतो, याचा आकडा स्वतःच्या कारखान्यात धुऊन, पाहून मगच द्यावा. टॉवेल आटण्याबाबतही तसेच करावे, कारण पहिल्या धुण्यानंतर लांबी कमी झालेली दिसली की ग्राहकाला आपण मापात फसवल्याचा संशय येतो आणि तेव्हा कितीही खुलासा केला तरी उशीर झालेला असतो.

दरपत्रकाचा आरंभ साधारण असा करता येईल : ‘हा टॉवेल ३० इंच रुंद व ६० इंच लांब असून एका नगाचे वजन सुमारे ५२० ग्रॅम आहे. रोज धुलाई होणाऱ्या लॉजसाठी व रुग्णालयांसाठी तो तयार केला आहे. करासह आणि आपल्या दारापर्यंतच्या वाहतुकीसह एका टॉवेलची किंमत इतके रुपये आहे.’ भाव किलोवर असेल तर तो नगावर आणावा. ‘एक्स-फॅक्टरी’चा अर्थ गाडीभाडे वेगळे पडणार असा आहे, हे ठोक व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही, रुग्णालयाच्या भांडारप्रमुखाला ते बिल हाती आल्यावर कळते आणि तेथे वाद उभा राहतो. पैसे केव्हा द्यायचे, तेही ‘३० डेज’ असे मोघम न लिहिता दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ते स्पष्ट लिहावे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाची रक्कम लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही, अशी २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात तरतूद आहे. आपली तशी नोंदणी असेल, तर नव्या ग्राहकाला हे आधीच सौम्य शब्दांत कळवलेले बरे.

तांत्रिक तपशील काढून टाकू नका. तो दुसऱ्या पानावर कोष्टकात राहू द्या, कारण मोठ्या रुग्णालयाचा खरेदी अधिकारी तीन दरपत्रके शेजारी ठेवून तोच वाचणार आहे. आणि सोपे करण्याच्या नावाखाली ‘उत्तम दर्जा’, ‘प्रीमियम’, ‘मऊ मुलायम’ असे शब्द भरू नका. ४५० जीएसएम हा शब्द कळला नाही तरी त्यामागे काही मोजलेले असते; ‘प्रीमियम’मागे काहीच नसते. नवे दरपत्रक तयार झाले की मागाशी संबंध नसलेल्या एखाद्या परिचिताला वाचायला द्या. ‘समजले का?’ असे विचारू नका, त्याला भिडेखातर होकार मिळतो. ‘३० खोल्यांचा लॉज तुमचा असता तर यातला कोणता टॉवेल घेतला असता, आणि का?’ असे विचारा. जेथे तो अडखळेल, ते वाक्य पुन्हा लिहायचे आहे, असे समजावे.

प्रश्न : मी एका यंत्रमाग कारखान्याच्या कार्यालयात काम करते. पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० रुपये कापले जातात, पण पासबुकात मालकाच्या रकान्यात ५५० रुपयेच दिसतात, म्हणून कामगारांनी ‘मालकाने आमचे पैसे खाल्ले’ अशी तक्रार केली. मी नियमाचा पूर्ण मजकूर फलकावर लावला, तरीही शंका गेली नाही.

उत्तर : आपल्या सूचनेचा आरंभ ‘कर्मचारी भविष्य निर्वाह निधी व संकीर्ण तरतुदी अधिनियम, १९५२ अन्वये’ असा आहे आणि कामगाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या सातव्या ओळीत येते. ज्याला आपले पैसे गेले असे वाटते आहे, तो सातव्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. नियम खरा आहे, फलकही योग्य जागी आहे, पण उत्तर पहिल्याच वाक्यात हवे होते.

१५,००० रुपये वेतन धरून असे लिहावे : ‘तुमच्या पगारातून १,८०० रुपये कापले जातात आणि कारखानाही तुमच्यासाठी तेवढेच १,८०० रुपये भरतो. कारखान्याच्या १,८०० रुपयांचे दोन भाग होतात. १,२५० रुपये तुमच्या पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० रुपये भविष्य निर्वाह निधीत. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा आहे; तो पाहा, १,२५० रुपये तेथे दिसतील.’ टक्केवारी, म्हणजे वेतनाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ पेन्शनला आणि ३.६७ निधीला, ही खाली लहान अक्षरांत द्यावी. सूचनेशेजारी पासबुकाच्या एका पानाची प्रत, नाव व क्रमांक झाकून आणि तिन्ही रकान्यांवर खुणा करून, लावता आली तर निम्मे काम तीच करील.

एक गोष्ट अवघड असली तरी टाळू नये. निधीच्या रकमेवर व्याज जमा होते, तसे पेन्शनच्या १,२५० रुपयांवर कामगाराच्या खात्यात जमा होत नाही. त्याचा लाभ पेन्शनच्या रूपाने मिळतो आणि ते वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळण्यासाठी किमान १० वर्षांची पात्र सेवा लागते. आज हे वगळले तर सूचना सुटसुटीत दिसेल, परंतु आठव्या वर्षी काम सोडणाऱ्या माणसाला ते बाहेरून कळेल आणि मग आपल्या कोणत्याच सूचनेवर कोणी विश्वास ठेवणार नाही. अशा व्यक्तीने त्या वेळी काय करायचे, म्हणजे रक्कम काढायची की पेन्शन योजनेचे प्रमाणपत्र घेऊन नव्या ठिकाणची सेवा जोडायची, हे कार्यालयात येऊन विचारावे, इतके तरी सूचनेत असावे.

भाषेचाही विचार करावा लागेल. सोलापूरच्या मागांवर काम करणाऱ्या पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड. म्हणून सूचनेचा तेलुगू तर्जुमा फलकावर लावावा, असे कोणी सुचवील. मला त्यापेक्षा वेगळे सुचवावेसे वाटते. यांपैकी अनेकांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले असल्याने त्यांना तेलुगू बोलता येते, पण तिची लिपी सराईतपणे वाचता येतेच असे नाही. तेव्हा फलकावर मराठी मजकूर ठेवावा आणि कारखान्यातल्याच एखाद्या जाणत्या तेलुगूभाषक सहकाऱ्याकडून तोच मजकूर त्याच्या घरच्या बोलीत दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात बोलून घ्यावा. पाळी बदलताना तो माणूस मागाजवळ उभा राहून स्वतः सांगायला तयार असेल, तर फारच उत्तम, कारण तेथे लगेच उलट प्रश्न विचारता येतो.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेत अधिकारी आहे. आमच्या वार्षिक अहवालात ‘ढोबळ एनपीए ६ टक्के, निव्वळ एनपीए शून्य’ असे छापले होते. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘थकलेले कर्ज सहा टक्के आहे की अजिबात नाही, ते एकदा सांगा.’ सभागृहात हशा झाला, पण आम्हाला सरळ उत्तर देता आले नाही.

उत्तर : त्या सभासदांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर अहवालातच असायला हवे होते. ते असे लिहिता येते : ‘बँकेने दिलेल्या प्रत्येक १०० रुपये कर्जापैकी ६ रुपयांचे कर्ज थकीत वर्गात, म्हणजे ढोबळ एनपीएमध्ये, गेले आहे. ते बुडाले तर तोटा भरून काढता यावा म्हणून बँकेने आपल्या उत्पन्नातून तेवढीच ६ रुपयांची तरतूद करून ठेवली आहे. त्यामुळे निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जातून ही तरतूद वजा करून उरणारा आकडा, शून्य दिसतो. थकलेले कर्ज अद्याप वसूल व्हायचे आहे.’ यातले शेवटचे वाक्य संचालक मंडळ गाळायला सांगेल, अशी शक्यता आहे. आपण ते राहावे यासाठी आग्रह धरावा, कारण ते नसेल तर ‘शून्य’ हा शब्द वाचून वसुली झाली असाच समज होतो. थकीत कोणाला म्हणायचे, तेही एका ओळीत यावे : शेतीकर्जाचे निकष वेगळे आहेत, इतर मुदत कर्जांत हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकले की ते कर्ज या वर्गात जाते.

एनपीए हा शब्द तसाच ठेवावा, तो आता सर्वांच्या कानावरचा आहे.

सभासदांमधले बहुसंख्य लोक ठेवीदारही असतात आणि ताळेबंद उघडताना त्यांच्या मनात आपली ठेव सुरक्षित आहे ना, हीच काळजी असते. म्हणून ठेव विम्याची माहिती अहवालाच्या पहिल्या पानावर यावी. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा ५ लाख रुपये झाली आहे. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या त्याच नात्याने (उदाहरणार्थ, स्वतःच्या एकट्याच्या नावाने) ठेवलेल्या सर्व खात्यांना मिळून, मुद्दल आणि व्याज धरून लागू होते. दोन शाखांत दोन खाती म्हणजे १० लाखांचे संरक्षण, हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो दूर करणे आपल्याच हातात आहे. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. आपले अनेक सभासद तेथेही ठेवी ठेवत असतील, तेव्हा बँक आणि पतसंस्था यांतला हा फरक सांगायला संकोच करू नये. एनपीए आणि ठेव विम्याचा हा मजकूर सभेच्या दिवशी दारात वाटू नका, सभेच्या सूचनेसोबतच घरी पाठवा, म्हणजे ज्यांना शंका आहे ते घरातल्या कोणाकडून तरी वाचून घेऊन, प्रश्न लिहून सभेला येतील.