आहेरात प्रवास द्यायचा तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. शाली आणि फोटोफ्रेमांनी कपाट भरलंय, म्हणून आईवडिलांना वेरूळ-अजिंठा दाखवायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. दोघांचेही गुडघे दुखतात. कसं जमवावं? (परभणी)

उत्तर : आधी वार ठरवा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. बुधवार ते शुक्रवार यांतले दोन दिवस धरले की दोन्ही पाहून होते आणि शनिवार-रविवारची गर्दीही टळते. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाढदिवस एप्रिल-मेमध्ये येत असेल तर त्या दिवशी पाकीट द्या आणि आत हिवाळ्याची तारीख लिहा. आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या दगडावरून म्हाताऱ्या माणसांना चालवू नये.

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला दोन रात्री. वेरूळ तिथून सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १००. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा मोह आवरा. वेरूळच्या वाटेत देवगिरी किल्ला लागतो, पण तिथल्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेतल्या पायऱ्या उंच आहेत आणि उजेड नाही. दुखऱ्या गुडघ्यांसाठी चांदमिनारपर्यंत जाणे पुरे.

वेरूळला ३४ लेणी असली तरी सगळी पाहायची नाहीत. कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचे लेणे, प्रवेशद्वाराच्या समोरच आहे आणि पश्चिमाभिमुख आहे. दुपार कलली की ऊन समोरून पडते आणि कोरीवकाम उठून दिसते. म्हणून सकाळी घृष्णेश्वराचे दर्शन, जेवण, थोडी विश्रांती आणि मग कैलास असा क्रम ठेवा. जैन लेणी, ३० ते ३४, बरीच लांब आहेत, तिथे चालत नेऊ नका.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते. पुढचे सुमारे ४ किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते आणि बस सोडल्यावर चढ आहे. डोली मिळते. बसण्याआधीच दर ठरवा आणि तो जाऊन-येऊन आहे का, हे स्पष्ट विचारा. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ चित्रांसाठी, जमले तर २६ महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसाठी. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा नाडीचे बूट नकोत. उन्हातून आत शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीच दिसत नाही आणि लोक तेवढ्यात बाहेर पडतात. आईवडिलांना थांबायला सांगा, डोळे सरावले की रंग दिसू लागतात. फ्लॅशला बंदी आहे.

आता पैशांचे. अशी भेट बहुधा काटकसरीपायी फसते. गाडीभाडे किती झाले म्हणून वडील चालकालाच विचारत बसतात आणि जेवणात हात आखडतात. भाडे, टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता हे सगळे आधीच द्या आणि ‘दिले आहे’ असे पाकिटातल्या कागदावर लिहा. जेवण-चहासाठी रोख रक्कम वेगळ्या पाकिटात. परभणीहून एसटीने जाणार असतील तर पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे आणि आईला महिला म्हणून निम्मे तिकीट. आधार कार्ड बरोबर हवे. वाचलेल्या पैशांत दोन्ही दिवसांची गाडी करा. आणि तुमच्यापैकी एकाने बरोबर जावेच. तारीख, गाडी आणि सोबत, यांतले काही त्यांच्यावर सोडले की ‘पुढच्या महिन्यात बघू’ सुरू होते.

प्रश्न : मित्राच्या लग्नात नवरा-नवरीला रेल्वेची तिकिटं गुपचूप द्यायची आहेत. माझ्या नावाने काढून नंतर नाव बदलता येईल का? (लातूर)

उत्तर : नाही. आरक्षित तिकिटावरचे नाव आईवडील, भावंडे, नवरा-बायको, मुले एवढ्यांच्याच नावावर बदलून मिळते आणि तेही गाडी सुटण्याच्या २४ तासांआधी. मित्र त्यात बसत नाही. त्यामुळे दोघांची नावे आणि वये ओळखपत्राप्रमाणे घेऊन सुरुवातीलाच त्यांच्या नावाने तिकीट काढा. लग्नानंतर नवरीचे नाव बदलणार असले तरी तिकिटावर ओळखपत्रावरचेच नाव हवे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गुपित ठेवण्यापेक्षा सत्यनारायण, मांडवपरतणी कधी आहे ते नवरीच्या भावाला विचारून तारीख धरा. तारीख नक्की होत नसेल तर एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेत ४ किंवा ७ दिवसांचा पास मिळतो. तो त्यांना निघायच्या वेळी काढून द्या.

प्रश्न : दहा वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला जायकवाडीचे पक्षी दाखवायचे आहेत. तिला दुर्बीण घेऊन द्यावी का? (अंबड)

उत्तर : पहिल्या खेपेला उसनी घ्या. ८×३० ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, लहान हातांना पेलते. १०× ची घेतली तर हात हलला की चित्रही तितकेच जास्त हलते, मूल कंटाळते आणि दुर्बीण खोक्यात जाते.

नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, बांध पूर्वेला, पैठणच्या बाजूला आहे. सकाळी त्या बाजूने पाहिले तर ऊन पाठीमागून येते आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. समोरून ऊन असले की नुसत्या काळ्या आकृत्या. पहाटेच निघा, भडक कपडे घालू नका. चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब हिवाळ्यात येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र उथळ पाण्याचा पक्षी. धरण तुडुंब भरले असेल तर तो सहसा पाणी ओसरल्यावर, हिवाळा संपता संपता दिसतो. तेव्हा तिला रोहित दिसेलच असा शब्द आधी देऊ नका. पाणी हटलेल्या काठावर वरून कोरडा वाटणारा गाळ असतो, त्यात मुलांचे पाय गुडघ्यापर्यंत रुततात. पायवाट सोडू देऊ नका. एक वही द्या आणि दिसलेल्या पक्ष्यांची चित्रे तिलाच काढू द्या, ओळखायचे काम घरी आल्यावर.

प्रश्न : बहिणीच्या कुटुंबाला नळदुर्गचा नर-मादी धबधबा भेट द्यायचा आहे. कोणती तारीख धरू? (धाराशिव)

उत्तर : कोणतीच नको. बोरी नदीला भरपूर पाणी आले तरच तो वाहतो आणि पाऊस ओढ देतो तेव्हा किल्ला तेवढा पाहून परतावे लागते. गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवा, बहिणीला सांगा की पाणी आले की आदल्या संध्याकाळी फोन येईल. किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणी महालाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. मुलांचा हात सोडू नका आणि पाण्याला जोर असेल तर खाली उतरू नका, वरूनच पाहा.