विचारा मास्तरांना : शिकाऊ पोरं ठेवावीत का?

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं टर्निंगचं (लेथकामाचं) छोटं युनिट आहे. पगारपत्रकावर १४ माणसं, कंत्राटदाराची ६. सरकारच्या ॲप्रेंटिस योजनेत नाव घाला म्हणून आमचा सीए दोन वर्षं मागे लागलाय. माझा अनुभव असा, की पोरगा तीन महिन्यांत मायक्रोमीटर नीट धरायला शिकतो आणि चौथ्या महिन्यात बोटीवर नोकरीला जातो. त्यात सरकारी कागद म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. यात मालकाचं काय भलं आहे, ते सरळ सांगा.
— एक वाचक, कुंडई

उत्तर : सीएने तुम्हांला पैशांचा फायदा सांगितला असणार. तेव्हा आधी पैसेच मोजू आणि तो विषय बाजूला ठेवू.

२०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय पास मुलाला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन. केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ पासून आहे. तिच्यात सरकार ठरलेल्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा उचलतं, पण १,५०० च्या वर जात नाही. ७,००० चा चौथा हिस्सा १,७५०, म्हणजे तुम्ही १,५०० वरच अडकलात. उरलेले ५,५०० तुमच्या खिशातले. (मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली. करार करताना सरकारच्या ॲप्रेंटिस पोर्टलवर त्या दिवशीचा दर बघूनच आकडा लिहा.) शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या भाषेत कामगार नसतो, म्हणून त्याचा प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय (कामगार विमा) भरावा लागत नाही.

म्हणजे एका पोरामागे सरकारचे वर्षाला १८,००० रुपये. बाब, एवढ्यासाठी या भानगडीत पडत असाल तर पडू नका. पोराने मशीनमध्ये एकदा चुकीचा ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) घातला आणि टूल चकवर, म्हणजे जॉब धरणाऱ्या पकडीवर, आदळलं, की ते १८,००० एका दुपारी गेले म्हणून समजा.

मग घ्यायचं कशासाठी? मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये फिटर शिकवला. माझ्या शॉपमधला एक लेथ माझ्या विद्यार्थ्यांच्या वडिलांच्या वयाचा होता. त्यावर मी पोरांना काटकोनात फाइल मारायला शिकवलं, ड्रॉइंग वाचायला शिकवलं, आणि तेवढं चोख शिकवलं असं आजही म्हणतो. पण तुमच्या गिऱ्हाइकाला वीस मायक्रॉनमध्ये बुश लागते, तुमची मशीन दुपारी तापली की माप किती सरकतं, कुठल्या मटेरियलला टूलचा कुठला इन्सर्ट (पातं) टिकतो, हे मी कुठून शिकवणार? ते तुमच्याच छपराखाली शिकायचं असतं. आयटीआयची दोन वर्षं झालेल्या फिटर-टर्नरला शिकाऊ उमेदवारीचं एक वर्ष ठेवलंय ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-उसगाव भागातल्या वर्कशॉपांतले चांगले मेस्त आपल्या औद्योगिक वसाहतींत आले. माझ्या ओळखीचे तिघे कुंडई-मडकईत लागले. डंपरचा एक्सल उघडलेली माणसं, आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणून सांगणारी. मालकांना तयार कारागीर मिळाले, शिकवायचा खर्च शून्य. आता तिघांपैकी दोघे निवृत्त झालेत आणि तिसऱ्याचे गुडघे गेलेत. तशी दुसरी खेप कुठून येणार? तुमच्याकडे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, कोण आहे, त्याचं वय किती आहे, ते एकदा बघा. पन्नाशी उलटली असेल तर माझं उत्तर तिथेच आहे.

पोरं पळतात त्याबद्दल. सगळी बोटीवर जातात असं नाही. माझ्या हाताखाली शिकलेली दोन मुलं एका वर्कशॉपमध्ये एकाच दिवशी लागली. नाव सांगत नाही, मालक अजून मला बाजारात भेटतो. पहिले तीन महिने झाडू, चिप्स (धातूचा कीस) गोळा करणं आणि सगळ्यांचा चहा. चौथ्या महिन्यात एकजण माझ्या घरी आला आणि म्हणाला, "सर, मी आयटीआय केलं ते विसरायला लागलोय." दुसरा तेवढंही न सांगता गेला. मालक मला म्हणाला, आजकालच्या पोरांना चिकाटीच नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी मालकाने जुन्या सेटरला दर शनिवारी जेवणानंतर दोन तास मोकळे दिले. उत्पादन बंद, शिकवणं चालू. सुरुवातीला सेटर कुरकुरला, दोन महिन्यांनी पोरांना घरच्या फणसाचे गरे आणून द्यायला लागला. तिथल्या दोघांतला एक आज त्याच मशीनवर आहे. दुसरा गेला बोटीवर, पण वर्ष पुरं करून आणि परीक्षा देऊन. अर्धा हिशेब जमला म्हणायचा. माझ्या मते तो वाईट नव्हे.

तेव्हा अर्ज करण्याआधी शिकवणारा माणूस ठरवा. त्याच्या पगारात थोडी भर घाला आणि तसं त्याला तोंडावर सांगा. तसा माणूस नसेल तर यंदा थांबा.

आता कागद. तुम्ही मानता तितके ते वाईट नाहीत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर बराच सैल झालाय. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला हे ऐच्छिक आहे. कंत्राटी माणसं धरून एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ ठेवता येतात. तुमचे १४ आणि ६ मिळून २०, म्हणजे जास्तीत जास्त तीन. मी म्हणतो दोनच घ्या, शिकवणाऱ्याला दोन हात आहेत. पोर्टलवर नोंदणी करायची, मुलगा निवडायचा, करार तिथेच नोंदवायचा. २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट मुलाच्या आधार-जोडलेल्या खात्यात जातो. तुमचा हिस्साही बँकेतूनच द्या, पाकिटातून नको.

इथे आपल्या गोव्याची खास अडचण येते. आधारवर शिरोडकर 'एसएच'ने आणि दहावीच्या मार्कलिस्टवर 'एक्स'ने. पैसे अडकतात आणि मुलगा समजतो, शेटनेच दाबून ठेवले. पहिल्या दिवशीच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

दोन गोष्टींत मात्र कुचराई नको. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुमचीच आहे, तेव्हा ईएसआय वाचलं या आनंदात राहू नका, विमा उतरवा. आणि माणसं कमी आहेत म्हणून त्याला ओव्हरटाइमला उभं करायचं नाही, त्याला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते.

वर्ष संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. पण कोणाला, कसं घेणार याचं धोरण प्रत्येक आस्थापनेने ठरवायचं असतं. ते एका कागदावर लिहा आणि पोरांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. मग बोटीच्या एजंटाचा फोन आला तरी त्याच्यासमोर तुलना करायला काहीतरी असेल.

मुलगा शोधायला पणजीला जायची गरज नाही. फर्मागुडीचं आयटीआय तुमच्या हाकेवर आहे. दुपारी जा, प्राचार्यांपेक्षा तुमच्या ट्रेडच्या निदेशकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, भेटा. कोणत्या पोराचा हात बसलाय, ते त्यालाच ठाऊक असतं. आणि घराजवळचा मुलगा घ्या. सत्तरी तालुक्यातल्या मुलाला तुम्ही दुसरी पाळी दिलीत, तर परतीच्या बसच्या चिंतेत त्याचं माप चुकणारच.

प्रश्न : बेतोड्याला आमचा पॅकिंगचा कारखाना आहे, ३४ माणसं. आम्हांला शिकाऊ ठेवणं सक्तीचं आहे का? नाही ठेवले तर?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं झाली की सक्ती. तुमच्या अडीच टक्क्यांत एकच मुलगा बसतो, त्यासाठी पळवाट कशाला शोधता? न ठेवल्यास कमी पडलेल्या प्रत्येक शिकाऊमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि पुढे दरमहा १,००० रुपये दंड. बरेच मालक मनात म्हणतात, दंडच स्वस्त. हिशेबाने खरंही आहे. पण पॅकिंग मशीन बिघडली की तुम्ही दर वेळी बाहेरचा मेकॅनिक बोलावता ना? गेल्या वर्षीची त्याची बिलं काढून बघा.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन पास झाला. एका कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून बोलावलंय. शेजारी म्हणतात, ही फुकटची राबणूक, सरकारी जाहिरातीची वाट बघ. काय करू?
— एक आई, वाळपई

उत्तर : ताई, जाहिरात आली तर तो तिथून रजा काढूनही अर्ज भरू शकतो. घरी बसून वाट बघितली म्हणून ती लवकर येत नाही. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा असते, ती पास झाला की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ते सरकारी अर्जालाही जोडता येतं.

शेजाऱ्यांचं अगदीच खोटं नाही, काही ठिकाणी राबवून घेतात. म्हणून त्याला जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगा : करार पोर्टलवर नोंदवणार का, मला शिकवणार कोण, आणि पॅनेलवर हात कधी लावायला देणार. तिसऱ्या प्रश्नाला जो सुपरवायझर हसून "आधी स्क्रू ड्रायव्हर धरायला शिक" म्हणेल, त्याच्याकडे खुशाल पाठवा. पहिल्याच प्रश्नाला जो "बघू नंतर" म्हणेल, तिथे नको. आणि आधारवरचं नाव मार्कलिस्टशी जुळतं का, ते आजच बघून घ्या. चवथीच्या सुट्टीत कार्यालयात कोणी भेटणार नाही.