मानसशास्त्राचं शिक्षण नसताना गावात आत्महत्या रोखण्याचं काम करता येतं का? लोकांपुढे थेट विषय काढावा का?

येतं. माझं कळंब तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे आणि सात वर्षं हे काम करतोय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरूनच माझं आमच्या गटाशी फाटलं, म्हणून लिहायला बसलो.

एप्रिल होता. दुपारी पेठेत चिटपाखरू नाही. शेजारच्या गावचे एक मामा आले, फवारणीचं औषध मागितलं. सोयाबीन, तूर कधीच घरी आलेली, रानात नुसती ढेकळं. म्हटलं, "मामा, आत्ता कशावर मारताय?" म्हणाले, "हाय थोडी भेंडी." त्यांच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी नसतं, हे मला ठाऊक. शिवाय त्यांनी भाव विचारला नाही. भाव न विचारता या माणसाने माझ्याकडून कधी सुतळीसुद्धा नेलेली नाही.

शटर अर्धं ओढलं, चहा सांगितला. माझी उधारी होती त्यांच्याकडे. त्यांना वाटलं तोच विषय. "तुझे पैसे बुडवत नाही रे," म्हणाले. माझ्या घशाला कोरड पडली, तरी विचारलं, "मामा, जीव द्यायचं मनात आलंय का?" चहावर साय धरली तरी ते गप्प. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "व्हय." पुढे दोन तास बोलले. सोसायटीचं कर्ज, लेकीचं बाळंतपण, थोरल्या भावाने बांधावर चारचौघांत केलेला अपमान. मी उपदेश केला नाही. 'लेकरांकडं बघा' तर अजिबात म्हणू नका, लेकरांकडं बघूनच माणूस खचलेला असतो. संध्याकाळी गाडीवर घरी सोडलं, त्यांना विचारूनच मामींना सगळं सांगितलं, गोठ्यातल्या उरलेल्या बाटल्या दुकानात घेऊन आलो. आता ते नातवाला घेऊन येतात.

पुढच्या बैठकीत गटप्रमुखांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, "असं थेट विचारायचं नसतं. विष विकणारा माणूस समुपदेशन करणार का?" तो शब्द अजून सलतो. अहो, बाटली ज्याच्या हातून जाते त्यानेच विचारायला पाहिजे! आणि विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते. गटप्रमुखांचं काम म्हणजे 10 सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, कॉलेजात बॅनर आणि फोटो. खचलेला माणूस भाषणाला येत नाही, तो पारावर यायचा बंद झालेला असतो. त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं.

गावातल्या आशाताईंना सोबत घ्या, कुठल्या घरात काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर पाठ करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. एखाद्याने प्रयत्न केलाच तर घरचे पोलीस केसच्या भीतीने डॉक्टरपासून लपवतात आणि त्यात वेळ जातो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 115वं कलम त्यांना सांगा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, शिक्षा नाही.

एक राहिलंच. ज्याने आधी प्रयत्न केलाय किंवा कधी, कसं हेही ठरवलंय, तो आपल्या आवाक्यातला नाही. त्याला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाकडे स्वतः घेऊन जा आणि नंबर लागेपर्यंत शेजारी बसा.