टक्केवारीवर गाडी लावू का?

प्रश्न : माझा स्वतःचा दहाचाकी ट्रक आहे, मीच चालवतो. जालन्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे महिन्याला १ लाख १० हजारांवर गाडी लावली आहे. डिझेल-टोल त्यांचा, हप्ता, विमा, टायर, मेंटेनन्स माझा. आता दुसरी कंपनी म्हणते, भाड्याचे ८५ टक्के तुमचे, मोबाइलवर लोड बघून तुम्हीच निवडा, पटला नाही तर सोडा. डिझेल-टोल मात्र माझा. माझ्या वाट्यातले ७० टक्के ॲडव्हान्स, बाकी पोच दिल्यावर ३० दिवसांनी. हप्ता ४६ हजार, अजून १४ महिने. सोसायटीत ६० हजार आहेत. तिथे असलेला मित्र म्हणतो, महिन्याला पन्नास हजार सुटतात. जाऊ का?

उत्तर : मित्र खोटं सांगत नाही, पण चांगला महिना सांगतोय. तुम्ही पाठवलेल्या त्याच्या बिल्ट्यांवरूनच (मालाच्या भाडेपावत्यांवरूनच) हिशेब मांडतो.

जालन्याहून नवी मुंबईजवळच्या कळंबोलीला सळई, भाडं ३० हजार. येताना जालन्याच्या सळईच्या गिरण्यांसाठी भंगार, भाडं २२ हजार. ८५ टक्क्यांनी हातात येतात ४४,२००. जाऊन-येऊन ८०० किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरमागे ४ चा ॲव्हरेज, ९० रुपये भाव धरला तर डिझेल १८ हजार. टोल ६ हजार. काटा (वजन), वाराई (हमाली), पार्किंग, जेवण मिळून २ हजार. टायर, ऑइल, युरिया, किरकोळ कामं यांचे किलोमीटरला साडेतीन रुपये बाजूला काढा, म्हणजे २,८००. (हे कोणी काढत नाही, आणि मग टायर बदलायची वेळ आली की सोसायटी आठवते.) फेरीला उरले १५,४००.

अशा सात फेऱ्या झाल्या की १,०७,८००. त्यातून हप्ता, विमा आणि टॅक्स-परमिट-फिटनेस मिळून ५६ हजार गेले. शिल्लक ५१,८००. सध्या तुम्हाला तेवढेच किलोमीटर धरून, १ लाख १० हजारांतून हेच ५६ हजार आणि झिजेचे १९,६०० वजा करून ३४,४०० उरतात. इथपर्यंत मित्राचं म्हणणं बरोबर.

पण हीच गाडी कळंबोलीहून रिकामी आली तर? हातात २५,५०० येतात. रिकाम्या गाडीला कमी लागतं म्हणून डिझेल १५,३००, टोल ६ हजार, वाटखर्च दीड हजार, झिजेचे २,८००. बेरीज करून बघा, वर खिशातले शंभर रुपये गेले. म्हणजे भाड्याची सगळी कमाई परतीच्या लोडात आहे. सातपैकी एक फेरी रिकामी आली तर महिन्याला ३६,३०० उरतात, आजच्यापेक्षा जेमतेम दोन हजार जास्त. दोन रिकाम्या आल्या तर २०,८००. तीन आल्या तर ५,३००.

त्यामुळे ८५ चे ८७ करा म्हणून घासाघीस करण्यात फार जीव अडकवू नका. एक टक्का म्हणजे तुम्हाला महिन्याला ३,६४० रुपये. एक रिकामी परत म्हणजे १५,५००, चार टक्क्यांहून जास्त.

विचारायचंच असेल तर ८५ टक्के नेमके कशाचे, हे विचारा. कंपनीने पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, ३३ हजारांचं बिल लावलं आणि तुम्हाला ३० हजारांची बिल्टी दाखवली, तर तुमचे ८५ प्रत्यक्षात ७७ होतात. ‘टक्केवारी पार्टीच्या बिलावर, आणि बिलाची प्रत गाडीमालकाला’ एवढं लेखी मागा. हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) पूर्ण तुमचं, मालात शॉर्टेज निघालं तर कोणी भरायचं आणि लोड नाकारला म्हणून पुढचे लोड बंद होणार नाहीत, हेही कागदावर हवं. तोंडी सगळेच राजे असतात.

आता लोड निवडण्याच्या मुभेबद्दल. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच दिसते. समजा महिन्याची ३ तारीख आहे, कळंबोलीत दुसरी रात्र आहे आणि ५ तारखेला हप्ता जायचाय. भंगाराचा २२ हजारांचा लोड नाही, १३ हजारांचा दिसतोय. महिन्याचे ते ५६ हजार तीस दिवसांवर वाटले तर उभी गाडी तुम्हाला दिवसाला सुमारे १,८७० रुपयांना पडते, वर फेरी लांबते ते वेगळंच. तुम्ही १३ हजारांचाच लोड भरणार. मीही तेच सांगेन. नाकारायची मुभा कंपनी देते, पण नाकारायची ऐपत बँकेतल्या पैशाने येते, आणि ती आज तुमच्याकडे नाही.

पहिलाच महिना घ्या. सातही फेऱ्या दोन्हीकडून भरलेल्या धरू. ७० टक्के ॲडव्हान्स म्हणजे फेरीला ३०,९४०, त्यातले २६ हजार रस्त्यावरच संपतात. उरलेले ४,९४०, सात फेऱ्यांचे ३४,५८०. त्यात ४६ हजारांचा हप्ताच बसत नाही, घरखर्च तर पुढेच. बाकीचे ९२,८२० रुपये पार्टीकडे अडकलेले, आणि पुढे दर महिन्याला साधारण तेवढे अडकूनच राहणार. ६० हजार दीड महिन्यात उडतील. यासाठी घरचं सोनं तारण ठेवू नका.

आज डिझेल महागलं तर डोकं ट्रान्सपोर्टवाल्याचं दुखतं. टक्केवारीत लिटरला ५ रुपये वाढले की महिन्याच्या १,४०० लिटरवर तुमचे ७ हजार गेले, आणि भाडं त्याच दिवशी वाढत नाही. पावसाळ्यात बांधकामं मंदावली की सळईचे लोड कमी होतात, तेव्हाही आजचे १ लाख १० हजार येतातच.

आणखी एक. भाडं टनावर असल्याने टक्केवारीत दोन-तीन टन जास्त घालायचा मोह होतो. टनाला १,६०० धरले तर तीन टनांचे तुमच्या वाट्याला ४,०८० येतात. पकडलं तर मोटार वाहन कायद्याने २० हजार आणि जादा टनामागे २ हजार, म्हणजे २६ हजार दंड. अपघात झाला तर विम्याचं लफडं निराळंच.

कराची चिंता करू नका. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांना ४४एई म्हणून ओळखली जाणारी सोय आहे : १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला १ हजार रुपये उत्पन्न धरतात. तुमच्या २८ टनी गाडीचं वर्षाचं ३,३६,००० होतं. महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर गाडी लावा की टक्केवारीवर, यात फरक नाही. नव्या कंपनीला पॅनसह डिक्लरेशन द्या, म्हणजे टीडीएस कापणार नाहीत.

तर माझं मत : आत्ता जाऊ नका. १४ महिन्यांनी हप्ता संपेल. त्यानंतर चार महिने तेच ४६ हजार बाजूला टाका, १ लाख ८४ हजार जमतील. हप्ता संपला म्हणून टक्केवारी जास्त फायद्याची होत नाही, दोन्हीकडचा फरक तेवढाच राहतो. फक्त १३ हजारांच्या लोडला तेव्हा नाही म्हणता येईल. सुरुवात करायची ती दसऱ्यानंतर. पावसाळ्याच्या तोंडावर नको. नवी कंपनी पोच दिल्यावर आठवड्यात पैसे द्यायला लेखी तयार झाली, आणि मित्राच्या वर्षभराच्या बिल्ट्यांत महिन्याला एकाहून जास्त रिकामी परत दिसली नाही, तर मात्र मला पुन्हा लिहा.

तोवर या ऑफरचा एक उपयोग आहे. तिचा कागद घेऊन सध्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे जा आणि १ लाख १० चे १ लाख २० मागा. मालक आणि ड्रायव्हर एकच, अशी गाडी त्यालाही सहज सोडवणार नाही. १ लाख १५ वर आला तरी घ्या.