असमान जाळ्याची क्षमता मोजताना
बिनतारी जाळ्यात प्रत्येकाच्या वाट्याचा वेग नोडसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, हा पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांचा २००० सालचा निष्कर्ष आधी स्वतः कागदावर सोडवून पाहा: नोड (संदेश पाठवणारी आणि पुढे पोहोचवणारी उपकरणे) १०० वरून १०,००० झाले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग, सूत्रातला लॉगचा (लॉगॅरिदमचा) छोटा घटक सोडला तरी, दहाव्या हिश्शावर येतो, कारण प्रत्येकाला स्वतःच्या संदेशांपेक्षा इतरांचेच संदेश पुढे पोहोचवत बसावे लागते. मात्र या गणितात नोड सर्वत्र सारखे विखुरलेले धरले आहेत. प्रत्यक्षात ते पुंजक्यांनी असतात (दोन गावे आणि मधले माळरान डोळ्यांपुढे आणा), आणि मधल्या विरळ पट्ट्यातले मोजके दुवेच बहुधा साऱ्या जाळ्याला रोखून धरतात. म्हणून सरासरी घनतेवर विसंबू नका. जाळ्याचे दोन भाग करणारी रेघ नकाशावर ओढा आणि तिला ओलांडणारे, एकाच वेळी चालू शकणारे दुवे मोजा.