वाचक विचारतात : पहिल्या चांगल्या सायकलला किती पैसे घालावेत?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. वय ४१, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८२ किलो. शाळा घरापासून ११ किलोमीटर आहे. त्यातला ८ किलोमीटर रस्ता डांबरी, पण जागोजागी उखडलेला आहे आणि उरलेला ३ किलोमीटर मुरमाचा आहे. वाटेत एक दमवणारा चढ लागतो. रक्तातील साखर वाढल्याने डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आहे, म्हणून मोटारसायकल ठेवून सायकलने शाळेत जायचे ठरवले आहे. यवतमाळच्या दुकानात तीन सायकली पाहिल्या. पहिली पुढे-मागे शॉकअप असलेली, साडेनऊ हजारांची. दुसरी साध्या चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फाट्याला शॉकअप नसलेली), २१ गिअरची हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या सायकलींच्या मधली, १७ हजारांची. तिसरी हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची, ३४ हजारांची. मोठे भाऊ म्हणतात, ‘‘इतक्या पैशात तं जुनी गाडी येते, सायकल कायले पाह्यजे? घ्यायचीच असन तं साधी काळी सायकल घे.’’ नेमका किती खर्च करणे योग्य ठरेल?

उत्तर : सर, आकडा आधी सांगतो आणि त्यामागचा विचार नंतर मांडतो. आपण एकूण २२ हजारांची तयारी ठेवावी. त्यातून १७ हजारांची सायकल घ्यावी आणि उरलेले ५ हजार बरोबरच्या सामानासाठी दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच वेगळे काढून ठेवावेत. पहिल्यांदा चांगली सायकल घेणारे बहुतेक जण सगळे पैसे सायकलीतच घालतात आणि मग पंप, दिवा, मडगार्ड, हेल्मेट यांच्यासाठी हात आखडता घेतात. अशी सायकल पहिल्या पंक्चरला नाही तर पहिल्या पावसाला घरी उभी राहते, हे मी आमच्या भागात पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आपल्या भावांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. २८ इंची चाकांची काळी सायकल आजही सहा-सात हजारांत मिळते, कोणत्याही गावचा मिस्त्री ती डोळे झाकून उघडतो आणि तिच्यावर दुधाचे कॅन, कुटाराचे पोते, काहीही लादता येते. आपली शाळा सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटरवर असती, तर मी तीच घ्या म्हणालो असतो. परंतु तिचे वजन २० किलोच्या आसपास असते आणि तिला एकच गिअर असतो. पुढच्या चक्राला साधारण ४४ आणि मागच्याला १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच मीटरहून जास्त पुढे सरकते. सपाटीवर हे उत्तम आहे, पण चढावर तेवढा जोर ८२ किलोच्या माणसाला गुडघ्यांतून काढावा लागतो. आपण पाहिलेल्या २१ गिअरच्या सायकलीवर पुढे २४ आणि मागे २८ दातांची जोडी लावली, तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरांपेक्षाही कमी सरकते, त्यामुळे पाय सावकाश पण न थांबता फिरत राहतात. वर्गावर उभे राहण्यापूर्वी ज्याला रोज तो चढ चढायचा आहे, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे आणि काळ्या सायकलीपेक्षा दहा हजार जास्त मोजण्याचे मुख्य कारण मी हेच मानतो.

साडेनऊ हजारांच्या सायकलबद्दल मात्र मी स्पष्टपणे नको म्हणतो. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः तशीच एक सायकल मोठ्या हौसेने आणली होती. मागच्या स्प्रिंगमुळे पायडल मारताना सायकल वरखाली डोलायची आणि माझा निम्मा जोर त्या डोलण्यातच जिरतो आहे, असे वाटायचे. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे गुटके नुसते घसरत जायचे. दुसऱ्या पावसाळ्यात एका मोरीवरच्या खड्ड्यात मागचे चाक आदळले आणि त्याचा धुरा, म्हणजे मधला दांडा, वाकला. गावच्या मिस्त्रीने चाक खोलून, छर्रे वाटीत काढून, वाकलेला धुरा माझ्या हातात ठेवला आणि या मापाचा धुरा तालुक्यालाही मिळायचा नाही, असे सांगितले. त्यानंतर ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. एवढ्या किमतीत दोन शॉकअप, डिस्क आणि २१ गिअर बसवायचे, तर कारखानदाराला पैसा कुठून तरी कापावा लागतो आणि तो जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे कापला जातो, म्हणजे हब (चाकाचा मधला तुंबा), छर्रे, रिम, स्पोक आणि ब्रेक यांच्यात. आपले वजन आणि रस्त्याचे सगळे हिसके तर नेमक्या याच भागांवर येतात.

१७ हजारांची सायकल घेताना खालच्या गोष्टी डोळ्यांनी पाहून आणि विचारून घ्याव्यात. फ्रेम अॅल्युमिनियमची आणि पुढचा चिमटा सरळ, शॉकअपविना असावा. रिम अॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची असावी आणि चाकाला ३२ किंवा ३६ स्पोक असावेत. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत, कारण उखडलेल्या डांबरावर आणि मुरमावर हवा भरलेला रुंद टायर स्वस्तातल्या शॉकअपपेक्षा चांगले काम करतो. गिअर शिमानो कंपनीच्या अगदी खालच्या मालिकेतले असले तरी आपल्या कामाला पुरेसे आहेत. ब्रेक तारेचे असावेत, मग ते रिमवरचे असोत की डिस्कचे.

ठरवलेला आकडा ओलांडायला मी एकाच ठिकाणी संमती देईन. या किमतीच्या बहुतेक सायकलींत मागची दातेरी चक्रे हबवर आट्यांनी आवळलेल्या फ्रीव्हीलवर असतात. त्या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे आतल्या अंगाला राहतात आणि धुऱ्याचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो, म्हणून जड माणसाखाली तो वाकण्याचा धोका जास्त असतो. चक्रांचा जुडगा हबवर सरकवून बसवतात, त्या कॅसेटच्या रचनेत आधार थेट बाहेरच्या टोकापर्यंत जातो. दोन-अडीच हजार जास्त देऊन कॅसेट असलेली, मागे ८ चक्रांची सायकल मिळत असेल, तर ते पैसे अवश्य द्यावेत.

३४ हजारांची सायकल वाईट नाही, उलट चालवायला ती तिघींत सर्वांत सुखाची वाटेल. परंतु हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हवा शिरली किंवा तेल गळू लागले, तर ते दुरुस्त करण्याची साधने आणि सवय असलेला माणूस आपल्याला बहुधा नागपूर किंवा अमरावतीलाच भेटेल. तोपर्यंत आठ-पंधरा दिवस आपण पुन्हा मोटारसायकलवर जाल आणि नुकतीच लागलेली सवय मोडेल. म्हणून खेड्यात राहणाऱ्याने किंमत ठरवताना दुकानाइतकेच दुरुस्तीचे अंतरही मोजावे, असे माझे मत आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यांचे नाव घेऊन अनेक तरुण वाचक मला थेट बारीक टायरच्या महाग सायकलींबद्दल विचारतात. त्यांनाही मी हेच सांगतो की, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पूर्ण करण्याच्या ब्रेव्हे फेऱ्याही साध्या हायब्रिडवर करता येतात. वर्षभर सायकल चालवल्यावर आपल्याला काय हवे ते आपोआप कळते आणि महाग सायकल तेव्हा घेतलेली बरी.

आता राखून ठेवलेल्या पाच हजारांकडे येऊ. हेल्मेटला दीड हजार, पुढच्या-मागच्या दिव्यांना हजार, कॅरिअरला आठशे, मडगार्डला पाचशे, हातपंपाला पाचशे, दोन जादा ट्यूबना पाचशे आणि टायर काढण्याच्या पट्ट्या, ठिगळे व सोल्यूशन यांना दोनशे, असा साधारण हिशेब आहे. यातल्या ट्यूबना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. हायब्रिडच्या ७०० मापाच्या चाकाची ट्यूब काळ्या सायकलीच्या २८ इंची ट्यूबपेक्षा वेगळी असते आणि तालुक्याच्या दुकानात ती असेलच, याचा भरवसा नसतो. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची मागावी, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा मोटारसायकलच्या दुकानात हवा भरता येईल.

शेताच्या बांधावरच्या बाभळी तोडून फांद्या ओढत नेल्या की पांदण रस्त्यावर आठवडेच्या आठवडे काटे पडलेले असतात. बाभळीचा काटा टायरमधून आत शिरून तिथेच मोडतो, त्यामुळे नुसते ठिगळ लावून ट्यूब परत घातली की दोन किलोमीटरवर हवा पुन्हा जाते. टायरच्या आतून बोट फिरवले तर काटा बोटात जातो, म्हणून थोडा कापूस फिरवावा. जिथे त्याचा धागा अडकतो, तिथे काट्याचे टोक असते आणि ते चिमट्याने बाहेर काढल्याखेरीज ट्यूब घालू नये. कापूस आपल्याकडे कोणाच्याही घरी मिळतो, तेव्हा त्याची एक लहानशी गुंडाळी सायकलच्या पिशवीत कायमची ठेवावी.

मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटे सहज जातील एवढी जागा असावी. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला लागली की थरावर थर चढत जातो आणि शेवटी चाक मडगार्डमध्ये रुतून जागीच थांबते. मग सायकल खांद्यावर घेण्यावाचून उपाय नसतो. आपला रस्ता मुरमाचा असल्याने हे रोज होणार नाही, परंतु संततधारेच्या दिवसांत खुशाल मोटारसायकल काढावी आणि त्याचा कमीपणा वाटून घेऊ नये.

असे दिवस वगळून वर्षातून १५० दिवस आपण सायकलने गेलात, तर रोजच्या २२ किलोमीटरप्रमाणे ३,३०० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर धरले तर ६६ लिटर पेट्रोल वाचते आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ही बचत ६,९०० रुपयांच्या आसपास जाते. चेन, ब्रेकचे गुटके, ट्यूब आणि एकदा संपूर्ण ओव्हरऑइलिंग यांचे वर्षाला दोन हजार वजा केले, तरी सुमारे साडेचार वर्षांत २२ हजार वसूल होतात. भावांसमोर हा हिशेब जरूर मांडावा. मला मात्र आपली साखर आटोक्यात येणे त्याहून मोलाचे वाटते. साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर सायकल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

पैशांशी संबंध नसलेली, पण पैसे वाया घालवू शकणारी गोष्ट म्हणजे माप. आपल्या उंचीला साधारण १७ ते १८ इंचांची फ्रेम बसते. दुकानदार शिल्लक असलेली मोठी फ्रेम ‘सीट खाली करून देतो’ म्हणून गळ्यात मारू पाहील, ती घेऊ नये. सीटवर बसून पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, म्हणजे सीटची उंची बरोबर आहे. शाळेत जाता त्याच कपड्यांत आणि चपला-बुटांत किमान एक किलोमीटर चालवून पाहावी. सायकलची जोडणीही नीट तपासावी. खोक्यातून आलेली एक सायकल मी अशी पाहिली आहे की तिचा पुढचा चिमटा उलटा बसवला होता, ब्रेक मागच्या अंगाला आला होता आणि वळताना बुटाचे टोक चाकाला लागत होते. मालक महिनाभर तशीच चालवत होता. नवीन चाकाचे स्पोक आणि गिअरच्या तारा पहिल्या महिन्यात थोड्या सैल होतात, त्यामुळे चाकाचा आऊट काढणे (लहरणारे चाक सरळ करणे) आणि तारा ताणणे यासाठी एक मोफत फेरी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. त्याच बिलावर कराचा दरही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवर अडून बसणाऱ्या दुकानदाराला हे जरूर दाखवावे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून तिची शाळा ४ किलोमीटरवर आहे. ओळखीच्या घरी चार वर्षे पडून असलेली चांगल्या कंपनीची गिअरची सायकल ७ हजारांत देऊ म्हणतात. घ्यावी का? (एक वाचक भगिनी, आर्वी तालुका)

उत्तर : ताई, चार वर्षे उभ्या राहिलेल्या सायकलीचे दोन्ही टायर बहुधा कडेने तडकलेले असतात, तारा गंजतात आणि चेन आखडते. हे सगळे बदलायला अडीच ते तीन हजार लागतात, म्हणून ते किमतीतून वजा करून चार हजारांवर बोलणी सुरू करावी. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या गुटक्याजवळून जाताना ते डावी-उजवीकडे लहरते का, ते पाहावे. थोडे लहरत असेल तर मिस्त्री आऊट काढून देतो. मात्र हँडलखाली जिथे फ्रेमच्या नळ्या जोडलेल्या असतात, तिथे रंगाला केसाएवढी जरी चीर दिसली तरी सौदा सोडून द्यावा. चेन बदललेली असल्याचे सांगितले, तर पट्टी लावून खात्री करावी. तिचे २४ जोड बरोबर १२ इंच भरले पाहिजेत आणि इंचाचा सोळावा भाग जरी जास्त भरला तरी ती चेन बदलायला आलेली असते. या सगळ्यात सायकल उतरली, तरी पैसे देण्यापूर्वी मुलीला दप्तर पाठीवर घेऊन ती चालवायला सांगावी आणि सीटवरून दोन्ही पायांचे चवडे तिला जमिनीला टेकवता येतात ना, ते पाहावे.